वारज्याच्या फ्लॅटचा हिशेब

वारज्यातला आमचा टू बीएचके आज विकायला काढला तर ६५ लाखांच्या आसपास जाईल. त्याला महिना २२ हजार भाडं येतं, म्हणजे वर्षाचे २ लाख ६४ हजार. त्यातून मेंटेनन्सचे ३६ हजार जातात. मिळकतकरही जास्त जातो, कारण स्वतः राहणाऱ्या मालकाला पुणे महापालिका देते ती ४० टक्के सवलत घर भाड्याने दिलं की उरत नाही. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क मात्र सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणून ते फारसं जाणवत नाही. मध्ये एखादा महिना घर रिकामं राहिलं आणि एजंटला एका भाड्याएवढी दलाली गेली, की हातात दोन लाखसुद्धा उरत नाहीत. तीन टक्क्यांहून कमीच! बँकेतली ठेव याहून जास्त देते.

हे कागदावर मांडलं तेव्हा माझा मार्ग ठरला. भाडं हजाराने वाढवलं तर वर्षाला १२ हजार जास्त मिळतील. पण चांगला भाडेकरू निघून गेला, तर रिकामा महिना आणि दलाली मिळून ४४ हजार जातील. म्हणून मी आहेत ते भाडेकरू टिकवते.

सध्या तिथे दोन मुली राहतात, दोघीही नर्स. सोसायटीत कुरकुर झाली, ‘फॅमिलीच द्या’ म्हणून. मी उपविधींची प्रत मागून घेतली आणि सगळी वाचली. अविवाहितांना घर देऊ नये असं त्यात कुठेच नव्हतं. रात्रपाळी करून पहाटे परतणाऱ्या मुलींना घर नाकारायचं, याची मला मनापासून चीड आहे.

करार मात्र पक्का हवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. आमचा करार २४ महिन्यांचा, डिपॉझिट ६० हजार. मुद्रांक शुल्क १,३५० आणि नोंदणी फी १,०००; अंगठे घ्यायला माणूस घरी आला. एवढ्याशा खर्चासाठी लोक नोटरीच्या कागदावर का भागवतात, मला कळत नाही. सोबत प्रत्येक खोलीचे, नळांचे, गिझरचे फोटो काढले आणि दोन्हीकडे ठेवले, म्हणजे डिपॉझिट परत देताना शब्दाला शब्द लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात फोन आला, “काकू, बाथरूमच्या छताला ओल आलीय, पाणी ठिबकतंय.” दुसऱ्याच दिवशी मी साताऱ्याहून गेले. भाडेकरूची तक्रार थांबवून ठेवली की त्याचं घरावरचं लक्ष उडतं, मग तो गळणारा नळही कळवत नाही. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला ‘तुमच्यामुळे’ असं न म्हणता प्लंबरलाच त्यांच्याकडे नेलं. त्यांच्या नहाणीच्या ट्रॅपभोवतीचं काम सुटलं होतं. छतातली गळती वरच्याच्या न्हाणीघरातून असेल तर खर्च त्या सभासदाचा, आणि गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून असेल तर सोसायटीचा. हे त्यांना उपविधीतून दाखवल्यावर त्यांनीही ताणून धरलं नाही. आमच्या छताचा रंग मी माझ्या खर्चाने करून दिला.

प्राप्तिकराचं सोपं आहे. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. तरी मी पावत्या ठेवते, पुढच्या वेळी कोणता प्लंबर बोलवायचा ते कळतं.

पुढच्या महिन्यात करार संपतो आहे. एकीचं लग्न ठरलंय. दुसरी आपल्या धाकट्या बहिणीला आणते आहे. भाडं पाच टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, नव्या करारात बहिणीचंही नाव घालायचं आणि तिचं पोलीस व्हेरिफिकेशन आधी करून घ्यायचं. यावेळी एजंट लागणार नाही.