पौर्णिमेच्या आत

खान्देशातल्या कानबाई देवीच्या उत्सवात बाहेरच्या माणसाच्या नजरेत भरते ती सोमवार सकाळची मिरवणूक: वाजंत्री, फुगड्या, कानबाईला डोक्यावर घेऊन नदीकडे निघालेल्या बायका. मला मात्र त्या सगळ्या थाटापेक्षा त्यातला एक रुक्ष नियम जास्त विचार करण्याजोगा वाटतो. रोटांचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, जे उरेल ते श्रावणी पौर्णिमेच्या आत संपवायचं, आणि तेही भाऊबंदांतच. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, त्यामुळे तिथी-वाराच्या मेळानुसार पौर्णिमेला कधी आठ-नऊ दिवस असतात, कधी जेमतेम तीन-चार. तेवढ्या मुदतीत घरानं सणाचं उरलंसुरलं पोटात घालून मोकळं व्हायचं. सुट्टीनंतर घर मार्गी कसं लावावं याचे सल्ले हल्ली ढिगानं मिळतात. मुलांना आठवडाभर आधीपासून लवकर झोपवा, वेळापत्रक भिंतीला चिकटवा, मोबाइल काढून घ्या. सुट्टी आखतानाच तिचा शेवटही आखावा, हा विचार त्यांत शोधून सापडत नाही. माझ्या मते घराची घडी बसते ती सुट्टीचा शेष संपल्यावर. तो शेष संपवण्याला मुदत असेल तर दटावणीची गरज बरीच कमी होते, आणि मुदत नसेल तर कितीही दटावलं तरी घर पंधरा-पंधरा दिवस ना इकडे ना तिकडे असं लोंबकळत राहतं.

रोटांची तयारीच मुळी मोजून होते. आधी घर सारवायचं किंवा रंगवायचं, अंथरुणं-पांघरुणं धुवायची, फळीवरची भांडी उतरवून घासायची. मग गहू निवडायचे, तेही घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे, सव्वा-सव्वा मुठीनं. (मोजणीत दळणाऱ्या बाईची मूठ धरत नाहीत, हे मला खटकतं आणि खटकत राहील.) रविवारी पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. खरा प्रश्न मंगळवारचा असतो. पाहुणे गेलेले, पायऱ्यांवर चपलांचा ढीग नाही, मोठी पातेली घासून पालथी घातलेली, आणि घरात माणसं उरली तेवढीच. अशा वेळी एरवी घराला मरगळ येते. पण रोट अजून संपलेले नसतात, म्हणून सण एकदम तुटत नाही. तो रोज थोडा थोडा कमी होत जातो. पहिल्या दिवशी गोडाची मागणी होते, दुसऱ्या दिवशी ते ताटात नुसतं वाढलं जातं, तिसऱ्या दिवशी कुणीतरी हळूच विचारतं की आज खिचडी टाकायची का. घर रोजच्या चालीवर येतं ते आधी जिभेच्या बाजूनं. तीन दिवसांच्या पुरणानंतर कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल यांच्या तोडीचं पक्वान्न मला तरी ठाऊक नाही. ज्वारीत उडीद मिसळून दळण्याची युक्ती ज्या बाईला सुचली तिला गोडाचा कंटाळा नीट कळला असला पाहिजे. नियमाचं शहाणपणही इथेच दिसतं. त्यानं कुणाला सणातून ओढून बाहेर काढलं नाही. सणाचा कंटाळा यायला पुरेसा वेळ दिला आणि त्या वेळेला कड घातली. खान्देशातली कितीतरी घरं पोटासाठी सुरतेला, उधना-लिंबायतला जाऊन राहिली आहेत. त्यांतल्या ज्याला सोमवारी संध्याकाळीच अमळनेरला किंवा दोंडाईच्याला ताप्ती मार्गावरची गाडी धरावी लागते, त्याच्या डब्यात त्याचा वाटा बांधून दिला तरी मुदत तीच राहते. लिंबायतच्या खोलीतही पौर्णिमा त्याच दिवशी येते.

यावर कुणी म्हणेल की पौर्णिमा म्हणजे तर राखी, लेकीबाळी पुन्हा दारात. तिच्यानंतर पोळा, गणपती, गौरी, नवरात्र. श्रावणापासून आश्विनापर्यंत रोजचं असं काही असतं तरी कुठे? आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या बाजूनंच बोलतो. सणांची एवढी दाटी घराला सोसते, कारण पुढचं खातं उघडण्याआधी मागचं मिटवलेलं असतं. पोळ्याला ज्या बैलापुढे पुरणपोळी येते तोच काही दिवसांत पुन्हा जुवाखाली असतो. उलट दिवाळीचा फराळ पाहा. त्याला कुठलीच पौर्णिमा नाही. चिवड्याचा डबा मार्गशीर्षात जातो, शेवेचा चुरा त्याच्याही पुढे, आणि घर तोवर अर्धवट दिवाळीतच राहतं. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी यावर तोडगा ठेवला आहे: लाभपंचमीला दुकानाची पूजा होते, वही उघडते, शटर वर जातं. कामाचा पहिला दिवसही शुभ मानला की सुट्टी संपल्याचं दुःख निम्मं होतं. आपल्याकडे भाऊबीज झाली की सण नुसता विरून जातो.

आखाजीनं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनं, हे काम याहून कडक रीतीनं केलं. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले, घागर भरून पितरांची पूजा झालेली, खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि ओट्यावर उघड उघड पत्त्यांचे डाव. आणि याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल संपून नवं ठरायचं. खान्देशातल्या सबंध शेतीचा वर्षाचा करार वर्षातल्या सगळ्यात मोकळ्या दिवसाला बांधून ठेवलेला. आराम आणि जुंपणी एकाच तिथीवर. इथे दुसरा, अधिक जड आक्षेप येतो: या घडीखाली माणसं दाबली जात होती. सालदाराला झोक्याचा आनंद किती, नि पुढच्या वर्षाच्या उचलीची चिंता किती? आखाजी सरली की लेकीला परत जावंच लागे, तिला मुदत विचारली कुणी? हे नाकारण्यात अर्थ नाही. जुन्या रीतींत न्याय होता असं मी म्हणत नाही. पण अन्याय होता तो कामाच्या वाटणीत, मुदतीत नव्हे. आपण मुदत टाकून दिली आणि वाटणी जशीच्या तशी ठेवली. सुट्टी सगळ्या घराची, आणि तिच्यातून घराला बाहेर काढण्याचं काम एकट्या बाईचं: दप्तरं शोधायची, गणवेशाची शिवण उसवून लांबी वाढवायची, पहाटे उठून डबे करायचे, आणि वर तिनंच रागवायचं. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांची अंथरुणं स्वतः आवरून ठेवत, हे आपण त्यांच्या मायेचं उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात व्यवहारही दिसतो. ज्याला घडी बसवायची आहे त्यानं आधी घडी घालायला बसावं, हे घरातल्या पुरुषांना लागू करून पाहायला हरकत नाही.

आता सुट्टी संपवण्याचं हे काम शाळा उघडण्याच्या जूनमधल्या सरकारी तारखेवर आलं आहे. शाळांना एक तारीख लागतेच, गावागणिक पौर्णिमा पाहून घंटा वाजवता येणार नाही, हे मान्य. पण तारीख तरी इथल्या दिवसांकडे पाहून ठरावी. २०२५ मध्ये राज्यातल्या शाळा १६ जूनला उघडल्या आणि विदर्भातल्या २३ जूनला, कारण तिकडचं ऊन. मुक्ताईनगर जळगाव जिल्ह्यात, मलकापूर विदर्भातल्या बुलढाण्यात. एकाच महामार्गावरचे, एकमेकांना लागून असलेले तालुके. भुसावळचं ऊन ज्यानं मे महिन्यात अंगावर घेतलं आहे त्याला या सीमेपाशी सूर्य निवतो हे पटवून देणं अवघड आहे. तारखेचं एक वेळ सोसता येईल. पण त्या आठवड्यात खान्देशातल्या घराचं दुसरं कामही डोक्यावर असतं. बिबडे, पापड, कुरडया वाळून डब्यात भरायच्या राहिलेल्या असतात, कपाशीचं बियाणं आणायचं असतं, खतासाठी रांग असते, आणि पाऊस आज येतो की उद्या याचा भरवसा नसतो. पाऊस पडला की शेतकऱ्याचं घर एका दिवसात सुतासारखं सरळ होतं. चार वाजता उठायला तिथे कुणाला सांगावं लागत नाही. पाऊस लांबला की पोरगं शाळेत जातं, बाप बांधावर बसून राहतो, आणि घरात दोन वेळापत्रकं चालतात. त्या दिवसांत मुलाचं चित्त शाळेत नाही म्हणून शिक्षकानं घरी निरोप पाठवण्याआधी गावात पेरण्या झाल्यात का एवढी चौकशी केली तरी पुरे.