संधाता

आमच्या घराण्याचा लोखंडाशी संबंध आला तो फक्त टाचणीपुरता. आजोबा कलेक्टर कचेरीत कारकून, वडील पोस्टात, मी एका सरकारी खात्यात आणि चिरंजीव बँकेत. चार पिढ्यांनी मिळून जेवढ्या टाचण्या कागदांना टोचल्या, तेवढ्यांत एखादी लहानशी तोफ सहज ओतता आली असती. पण घरात कधी हातोडी म्हणून नाही. खिळा ठोकायचा झाला तर शेजाऱ्यांची हातोडी आणि बहुधा शेजारीही आम्ही उसने आणतो.

अशा घरात दहावीला 78 टक्के मिळवलेल्या नातवाने रात्री जेवताना जाहीर केलं, "मी आयटीआयला जाणार. वेल्डर होणार."

सूनबाईंच्या हातातली पळी आमटीत पडली. आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "म्हणजे ग्रिलवाला?" चिरंजीवांनी मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि ते जास्तच खचले. "बाबा, हा कोर्स आठवी पासला मिळतो! आणि एकच वर्षाचा!" म्हणजे पोराचे 78 टक्के तर वाया जाणारच, शिवाय नववी आणि दहावी अशी दोन अख्खी वर्षं पाण्यात. बँकेत असल्यामुळे त्याला तोटा लगेच मोजता येतो.

खरी अडचण होती लोकांना काय सांगायचं ही. डोंबिवलीहून ताईचा फोन यायचाच होता. तेव्हा आयटीआयच्या माहितीपत्रकाने मला तारलं. सरकारी मराठीवर मी जन्मभर जगलो, तिचे उपकार विसरता येणार नाहीत. फिटरला तिथे 'जोडारी' म्हणतात, टर्नरला 'कातारी', इलेक्ट्रिशियनला 'वीजतंत्री', वायरमनला 'तारतंत्री' आणि वेल्डरला चक्क 'संधाता'! दाता, विधाता, संधाता. मी ताईला सांगितलं, "नातू संधाता होतोय." ती म्हणाली, "अगंबाई! मग दिल्लीला जावं लागेल का रे?" संध्याकाळपर्यंत तिच्या भजनी मंडळात पेढे वाटले गेले होते.

पोराला एकदा खरा वर्कशॉप दाखवून आणावा, म्हणजे धूर आणि धग बघून तो आपोआप कॉमर्सला पळेल, ही कल्पना माझीच. माझ्या बहुतेक कल्पनांचं जे होतं तेच हिचंही झालं.

आम्ही 1983 साली वसईत राहायला आलो ते हवा, केळी आणि परवडणारी जागा या तीन गोष्टींसाठी. पश्चिमेला वाड्या, फुलं, चर्च आणि किल्ला. पाहुणे आले की मी त्यांना किल्ल्यावर नेतो आणि चिमाजीअप्पांनी तो 1739 साली कसा घेतला ते स्वतः हजर असल्यासारखं सांगतो. पूर्वेला मात्र नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव असे कारखान्यांचे गाळेच गाळे. चाळीस वर्षांत तिकडे मी कधी गेलो नव्हतो. वसईच्या खाऱ्या हवेत दर पाच वर्षांनी आमचं खिडकीचं ग्रिल गंजून भुगा होतं आणि पूर्वेचा कुणीतरी येऊन नवीन बसवतो, एवढीच ओळख. किल्ला अजून उभा आहे तो दगडाचा म्हणून. ग्रिलचा असता तर पोर्तुगीजांना दुरुस्तीतच दिवाळं काढावं लागलं असतं.

वालीवच्या त्या गाळ्यात शिरताक्षणी कुणीतरी ओरडलं, "काका, बघू नका!"

आता 'बघू नका' म्हटल्यावर जो बघत नाही तो मध्यमवर्गीय नव्हे. मी बघितलं. निळं-पांढरं असं काहीतरी लखकन डोळ्यांत शिरलं. मिस्त्रींनी काम थांबवलं, तोंडावरची काळी काच वर केली आणि आधी माझा शर्ट बघितला. पॉलिएस्टरचा होता. मग पाय बघितले. कोल्हापुरी वहाणा होत्या. "काका, लग्नाला निघालात काय?" ते म्हणाले. "इथं सुती कापड नि बूट पायजेत. ठिणगी पडली की हे पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं." एवढं ऐकेपर्यंत शर्टाला तीन भोकं पडली होती.

मिस्त्री मूळचे रत्नागिरीकडचे. पंधरा वर्षं आखातात पाइपलाइनवर काढून परत आलेले. नातवाला त्यांनी हातमोजे, चामड्याचा ॲप्रन आणि काच दिली आणि मला स्टूल. मग प्रवचन सुरू झालं. मशीन करतं काय, तर विजेचा दाब कमी करतं आणि प्रवाह वाढवतं. आमच्या ऑफिसात बरोबर उलटा प्रकार होता. दाब भरपूर, प्रवाह शून्य. पूर्वी हे मशीन म्हणजे दोन माणसांनी हलवायचा ठोकळा असे, आता इन्व्हर्टरवालं निघालंय ते पिशवीत घालून लोकलने नेता येईल एवढं. एक वायर रॉड धरायच्या होल्डरला, दुसरी अर्थिंगची, ती कामाला चिमट्याने लावायची. रॉड आणि लोखंड यांच्यात ठिणगीची कमान पेटते, तिथली उष्णता पाच हजार अंशांच्या वर जाते आणि दोन्ही लोखंडं एकजीव होतात.

रॉडचे नंबर मात्र मला चटकन कळले. बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीनच्या आसपास, आठ नंबर म्हणजे चार. नंबर जितका वरचा तितकी जाडी जास्त. आमच्या ज्येष्ठता यादीतही असंच होतं. रॉडवर जे पांढरट लिंपण असतं ते जळून त्याचा वायू होतो, तो वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. उरलेल्याची वर साय धरते. तिला स्लॅग म्हणतात. ती हातोडीने टिपून काढायची, वायर ब्रश मारायचा, की खाली जोड चकचकीत. आणि वसईच्या पावसाळ्यात हे रॉड पापडासारखे सादळतात! मिस्त्रींनी ते जुन्या कपाटात दिवा पेटता ठेवून जपले होते. आमच्या घरी एवढी काळजी फक्त कुरडयांची घेतात.

"आधी टाका मारायचा," ते नातवाला सांगत होते. टाका हा शब्द ऐकून मला आईची आठवण झाली. ती गोधडी शिवताना आधी चार कोपऱ्यांना टाके घालून घ्यायची. "एका बाजूने सरळ वेल्ड मारत गेलास तर थंड होताना लोखंड आवळतं नि खेचतं. चौकट वाकडी होते. म्हणून आधी समोरासमोर टाके. विसरलास तर मेलास." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. नातवाने ठेवलं नाही.

"कान उघडे ठेव. भजी तळल्यासारखा आवाज आला पायजे. फटफट झाली तर रॉड लांब गेला, आवाज बसला तर चिकटणार." मग मलाही मोह झाला. मी काच धरली, रॉड टेकवला आणि तो जो चिकटला तो चिकटलाच. आमच्याकडे गणपतीला दीड दिवसासाठी आलेले मेव्हणे चिकटले होते तसा. मिस्त्रींनी होल्डर पिळून तो सोडवला. दहा मिनिटांनी मी जे काही निर्माण केलं ते करपलेल्या सांडग्यांची रांग वाटत होतं. नातवाचा जोड वेडावाकडा होता, पण मधेच बोटभर जागी माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक लाट बसली होती. मिस्त्रींनी त्या बोटभर जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं." चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही टिपणीवर असा 'हं' आला नव्हता.

निघताना मी बापाचं काम केलं. भवितव्य विचारलं. मिस्त्री म्हणाले, ग्रिल ही बालवाडी. पुढे पाइप. पंचेचाळीस अंशात तिरका पाइप पक्का बसवतात, तो हलवायचा नाही, आपणच वाकून, झोपून, लटकून चहूबाजूंनी जोडायचा. त्याला सिक्स-जी म्हणतात. मग जोडाचा एक्स-रे काढतात. आत राईएवढी पोकळी निघाली तर नापास. माझगाव गोदीत पाणबुड्या बांधतात, आपल्याच जिल्ह्यात तारापूरला अणुवीज केंद्र आहे, असल्या ठिकाणच्या जोडाला 'उद्या या' म्हणता येत नाही. मी जरा गप्प झालो. हे वाक्य मी दिवसाला वीस वेळा म्हणत असे.

घरी आलो, छान जेवलो, झोपलो. रात्री एक वाजता दोन्ही डोळ्यांत कुणीतरी अर्नाळ्याची वाळू ओतली.

पुढचा तास घरात जत्रा होती. सौभाग्यवतींनी बटाट्याचे काप ठेवले. शेजारच्यांनी काकडी पाठवली. वरच्या मजल्यावरून दुधाचे थेंब घालण्याचा निरोप आला. माझ्या चेहऱ्यावर कोशिंबिरीची सगळी तयारी झाली होती, फक्त फोडणी राहिली होती. सकाळी डॉक्टरांनी सगळं काढून टाकलं. म्हणाले, उन्हाने कातडी भाजते तसं अतिनील किरणांनी बुबुळावरचं आवरण भाजलंय. त्या वेळी कळत नाही, काही तासांनी कळतं. दिले तेवढेच थेंब घाला, थंड पट्ट्या ठेवा, अंधारात पडून राहा, दोन दिवसांत बरं होईल. झालंही. पण ती पहिली रात्र काही सरेना.

पट्ट्या बदलायला नातू बसला होता. बाहेरून लोकल गेली. तो म्हणाला, "आजोबा, पूर्वीसारखं खडाड-खट् ऐकू येत नाही, बघितलंत?"

खरंच. 1867 साली विरारहून मुंबईला पहिली गाडी गेली तेव्हापासून रुळांचे सांधे वाजत आले असतील. विरार लोकलमध्ये एका पायावर उभं राहून तोच ठेका मी अर्धा जन्म ऐकला होता.

"रूळ वेल्ड करतात हल्ली," तो सांगू लागला. "ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड मिसळून पेटवतात. पातळ लोखंड होतं, ते दोन रुळांच्या फटीत ओततात. मी बघितलंय."

"कुठे?"

"लाइनीवर. रात्री करतात ना. कुंपणाबाहेरून."

"किती वाजता?"

तो जरा थांबला. "पट्टी गरम झाली, बदलतो," म्हणाला.

मग बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही ऑफिसात काय बनवायचात?" खोचकपणे नव्हे हो. मिस्त्रींना विचारावं तसं, माहितीसाठी. मी विचार करू लागलो. डोळे बंद असल्यामुळे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. चौतीस वर्षं. प्रस्ताव वर पाठवले, खाली आले, पुन्हा पाठवले. कुठे एखादा पूल झालाही असेल. पण तो मी बनवला असं म्हणायला जीभ रेटेना.

"फाइली," मी म्हणालो.

"त्या कशाने जोडतात?"

"टाचणीने."

पोर हसलं नाही. "म्हणजे टाकाच," म्हणालं.

सकाळी चिरंजीवांनी मोठ्या आशेने विचारलं, "मग, घाबरला का?" मी डोळ्यांवर पट्टी असतानाच सांगितलं, फॉर्म भर. ऑगस्टमध्ये प्रवेश झाला. त्याचे सगळे शर्ट आता सुती आहेत आणि सगळ्यांना भोकं आहेत. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप बंद खोलीत वेल्ड केला की रात्री हिवतापासारखी थंडी वाजते, असं तो जेवताना आनंदाने सांगतो. मग वर म्हणतो, त्यावर दूध पितात ते खोटं, मोकळी हवाच पाहिजे. सूनबाई तरीही दूध देतात.

दिवाळीला त्याने माझ्यासाठी एक लोखंडी स्टूल करून आणलं. चार पायांचं, वर निळा रंग. खवल्यांसारखे जोड. मी बसलो आणि डुललो. चारांतला एक पाय जमिनीला टेकत नव्हता.

"टाके आधी मारले होतेस का?" मी विचारलं.

"एका बाजूचे राहिले," तो कान पाडून म्हणाला. कापून परत करतो म्हणाला. मी करू दिलं नाही. कपाट उघडलं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेलं, साहेबांच्या सहीचं अभिनंदनपत्र तिथे होतं. कागद जाड, उत्तम प्रतीचा. त्याची चौपदरी घडी घालून त्या पायाखाली सरकवली.

आता डुलत नाही.