तपासणी झाली, पण कागद कोण वाचणार?

दरवर्षी १४ एप्रिलला आमच्या वस्तीतील विहारात आरोग्य शिबिर होते. त्रिशरण-पंचशील झाले की डॉक्टर मंडळी बसतात, रक्तदाब, रक्त, लघवी तपासली जाते आणि दुपारी भोजनदान होते. नोंदवही माझ्याकडे असते. तीन वर्षांपूर्वीच्या शिबिरात तिरोड्याकडच्या आपल्या गावाहून माझी मोठी बहीणही आली होती. तिच्या लघवीच्या कागदावर 'रक्त दोन अधिक, प्रथिन दोन अधिक' असे लिहिले होते. ती नोंद मी माझ्या हाताने वहीत उतरवली, कागदांना रबर लावले आणि गठ्ठा कपाटात ठेवला. शिबिर यशस्वी झाल्याची बातमी मात्र त्याच रात्री लिहून पाठवली.

ही माझी चूक समाजापुढे ठेवावी म्हणून आज लिहीत आहे.

ताईने तीस वर्षे विड्या वळल्या. आमच्या गोंदिया-भंडारा भागात किती घरांच्या चुली तेंदूच्या पानावर पेटल्या हे वाचकांना सांगायला नको. जर्द्याची धूळ नाकातोंडात जाते, म्हणून विडी कामगार बाईचा खोकला कोणी मनावर घेत नाही. त्या पावसाळ्यात ताईच्या नाकातून रक्ताच्या खपल्या पडू लागल्या, सांधे धरले, ताप हटेना.

सांधे दुखतात म्हटल्यावर पहिला संशय सिकलसेलचा आला. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. 'सोल्युबिलिटी' आणि 'इलेक्ट्रोफोरेसिस' हे शब्द आमच्या आयाबायांनाही पाठ झाले आहेत. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली. ताईचा कागद 'सिकल नाही' असा आला आणि आम्ही निश्चिंत झालो.

मग खोकल्यातून रक्त पडले. तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरांनी छातीच्या फोटोत डाग पाहून टीबीची औषधे सुरू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. तरी मीच ताईला बजावले, "गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत." चार महिने तिने निमूटपणे गोळ्या खाल्ल्या. वजन घटत गेले, पायावर जांभळे ठिपके उठले, तोंडावर सूज आली. शेवटी भाऊजींचा फोन आला, "भाऊ, ही आता उठून बसत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही तिला नागपूरला नेले.

तेथील डॉक्टरांनी पहिल्यांदा दोनच गोष्टी मागितल्या. जुने सगळे कागद आणि ताजी लघवी. तेव्हा मला कपाटातला गठ्ठा आठवला. मुलाला फोन करून कागद शोधायला लावला. त्याने वाचला तो मी डॉक्टरांना सांगितला. त्यांनी एवढेच विचारले, "तारीख कोणती म्हणालात?" ती तारीख सांगताना माझी जीभ जड झाली.

ताईच्या आजाराचे नाव व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांची सूज. रोगजंतूंशी लढणारी शरीराची शक्ती घरच्यांवरच उलटते आणि बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला करते. रक्तवाहिन्या अंगभर असतात, म्हणून नाक, फुप्फुस, सांधे, कातडी, मूत्रपिंड असे सगळीकडे घाव दिसतात. आपण मात्र प्रत्येक दुखणे वेगळे समजून वेगळ्या दारी जातो.

रक्ताच्या कोणत्या तपासण्या केल्या ते सांगतो, कारण कोणाच्या तरी घरी उपयोग होईल. पहिली ईएसआर. नळीत रक्त तासभर उभे ठेवून तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजतात. दुसरी सीआरपी. शरीरात दाह असला की यकृत हे प्रथिन जास्त बनवते. ताईचे दोन्ही आकडे फार वाढलेले होते. पण टीबीतही हे आकडे वाढतात. दुरून धूर दिसावा, पण तो चुलीचा की तणसाच्या ढिगाचा हे कळू नये, तसा हा प्रकार. तिसरी तपासणी क्रिएटिनीन. मूत्रपिंडे किती काम करतात ते त्यावरून समजते. मूत्रपिंडांचे बरेच काम बंद पडेपर्यंत हा आकडा फारसा वाढत नाही. लघवीतले रक्त आणि प्रथिन मात्र पुष्कळदा आधीच इशारा देतात. आम्हाला तो इशारा मिळाला होता आणि तो मी कपाटात बंद केला होता.

हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचीही तपासणी लिहून दिली, तेव्हा भाऊजी संतापले. "माझ्या बायकोवर संशय घेता काय?" डॉक्टरांनी शांतपणे समजावले की या विषाणूंमुळेही रक्तवाहिन्या सुजू शकतात, शिवाय पुढची औषधे प्रतिकारशक्ती दाबणारी असल्याने हे आधी पाहावेच लागते. चारित्र्याशी त्याचा काही संबंध नाही. भाऊजींनी सही केली.

मुख्य तपासणी होती 'अँका'. आपल्याच पांढऱ्या पेशींविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे तिच्यात शोधतात. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी त्यांची प्रथम नोंद केली आणि १९८५ साली युरोपातील डॉक्टरांनी या आजाराशी त्यांचे नाते दाखवून दिले. पांढऱ्या पेशी लावलेल्या काचेवर रुग्णाच्या रक्तातले पाणी टाकतात. प्रतिपिंडे असली तर ती चिकटतात आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकतात. चमक पेशीभर पसरली तर 'सी', केंद्राभोवती दिसली तर 'पी'. पुढे पीआर-३ आणि एमपीओ या दोन प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे वेगळी मोजतात. ताईचा कागद पीआर-३ चा आला.

मी म्हणालो, "म्हणजे रोग सापडला." डॉक्टर म्हणाले, "थांबा." सिकलसेलचा कागद जसा होय की नाही सांगतो, तसा हा सांगत नाही. टीबीच्या काही रुग्णांतही अँका आढळते, आणि हा आजार असूनही काहींत आढळत नाही. आम्ही हिशेबाची माणसे. एका पावतीवर ताळेबंद जुळत नसतो, हे मला लगेच पटले. मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला, टीबीचे जंतू पुन्हा शोधले, ते मिळाले नाहीत, तेव्हा निदान पक्के झाले.

या आजाराला पूर्वी वेगेनर या जर्मन डॉक्टरचे नाव होते. तो नाझी पक्षाचा सदस्य होता हे उघड झाल्यावर २०११ साली जागतिक संघटनांनी ते नाव बदलण्याची शिफारस केली. १४ जानेवारी १९९४ चा नामविस्ताराचा दिवस पाहिलेल्या आपल्या समाजाला नावाचे मोल वेगळे सांगायला नको.

ताई आज हयात आहे. औषधे चालू आहेत, मूत्रपिंडे निम्म्याच्या आसपास काम करतात, डायलिसिस टळले. पण चार-सहा महिने आधी पोहोचलो असतो तर बरेच वाचले असते. ती मला कधी बोलली नाही. एकदाच हसून म्हणाली, "तुझं अक्षर छान आहे रे, पण वाचत जा."

कार्यकर्त्या बंधुभगिनींनो, शिबिराचा फोटो पेपरात आला म्हणजे काम संपत नाही. तपासणीनंतर आठ दिवसांत प्रत्येक कागद डॉक्टरांना दाखवून ज्याचा त्याला समजावून द्यावा. आमच्या विहारात आता तो नियम आहे. घरच्या माणसाचे सगळे कागद तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवावेत. लांबलेला ताप, नाकातून किंवा खोकल्यातून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, सांधेदुखी यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या आणि औषधाने गुण येत नसला, तर "डॉक्टरसाहेब, लघवी तपासू का?" एवढे विचारायला लाजू नये. टीबीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांनाच विचारावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.

तथागतांनी आजारी भिक्खूला आपल्या हाताने धुऊन-पुसून त्याची सेवा केली, ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. आजाऱ्याचा कागद नीट वाचणे हीसुद्धा सेवाच आहे, हे मला ताईच्या दुखण्याने शिकवले.