घाट, फोर्ड आणि चाचांचा कान

मुंबई, सोमवार

ती. स्व. मामांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

रॅलीचं सगळं सविस्तर कळव, असं तुम्ही बजावलं होतं. फोनवर इंजिनाचे आवाज काढून दाखवायची सोय नाही, म्हणून पत्र.

गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए. तिची कुंडली तुम्हाला पाठ असणार, पण मामी हे पत्र वाचून दाखवतील, तर त्यांच्यासाठी सांगते. चार सिलिंडर, चाळीस हॉर्सपॉवर आणि पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या मागेच, म्हणजे जवळजवळ आपल्या मांडीवर. पंप वगैरे काही नाही, पेट्रोल आपल्याच वजनाने खाली कार्बोरेटरमध्ये उतरतं. मालक चालवायला, शेजारी रोडबुक घेऊन मी आणि मागे मिस्त्री. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मालकही.

भल्या पहाटे हॉर्निमन सर्कलला जमलो. सेल्फ असूनही मालकांनी हौसेने हँडल मारलं. त्याआधी चाचांनी स्टिअरिंगची डावी दांडी पार वर सरकवून स्पार्क मागे घेतला, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट जायचं. मालक फोटोसाठी वाकले होते, दांडीकडे लक्ष चाचांचंच.

ही शर्यत नव्हे बरं का. ठरवून दिलेल्या सरासरीने जायचं. उशिरा पोचलात तर गुण कापतात आणि लवकर पोचलात तरीही. गाडीच्या मैलाच्या मीटरचं आणि रोडबुकमधल्या किलोमीटरचं पनवेलपर्यंत काही जमलं नाही. मग मी तो नाद सोडला आणि रस्ता नि पुढच्या गाड्यांच्या नंबरपाट्या बघत बसले. आता पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नोंदणीचे वीस हजार आणि अट अशी, की रोजच्या कामाला गाडी काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच चालतं. भाजी आणायला नेली तर गुन्हा! मला तर वाटतं, जुन्या गाडीला खरी गरज भाजी आणण्याचीच असते. उभी राहून त्या जास्त बिघडतात.

खोपोलीला बटाटेवडे खाल्ले. तिथे चाचांनी सांगितलं, की जुन्या मॉडेल टीची टाकी सीटखाली असायची. टाकीत पेट्रोल कमी असलं की चढावर ते इंजिनापर्यंत पोचायचंच नाही, म्हणून माणसं गाडी वळवून रिव्हर्समध्ये घाट चढायची. तुम्ही हे केलंय का हो कधी?

मग घाट. १८३० साली माल्कमसाहेब गव्हर्नर असताना इथे गाडीरस्ता झाला, तेव्हा चढायचे ते बैल आणि घोडे. आमचे चाळीस घोडे दुसऱ्या गिअरमध्ये दम टाकत चालले होते. या गिअरबॉक्सला सिंक्रो नाही. क्लच दाबा, न्यूट्रल, सोडा, रेस द्या, पुन्हा दाबा. मालकांचा एकदा ताल चुकला आणि अशी खरखर झाली, की मागून चाचा फक्त “हं” म्हणाले. रेडिएटरच्या झाकणावर एक गोल थर्मामीटर आहे, काचेतून समोर दिसतो. तो लाल दांडा चढताना पाहून मी रोडबुक मिटलंच. शिंग्रोबाच्या देवळाला थांबलो, नाणं टाकलं, इंजिनाला वारा दिला. पुढे एक्सप्रेसवेत शिरल्यावर मात्र जीव मुठीत. डावीकडून आम्ही, उजवीकडून बस आणि खिडक्यांतून लटकून शूटिंग करणारी पोरं. तुमचा अमृतांजन पूल आता नाही, २०२० साली पाडला.

वाटेत १९३८ ची एक शेवरोले बोनेट उघडून उभी होती. पेट्रोलची पाइपातच वाफ झालेली, पंपाला ओढायला काही नाही. आमच्या चाचांनी उतरून पाइपला आणि पंपाला ओलं फडकं गुंडाळलं, चार मिनिटं बिडी ओढली, गाडी चालू. हल्लीचं पेट्रोल लवकर उकळतं आणि त्यातलं इथेनॉल जुनं रबर खातं, असं त्यांचं गाऱ्हाणं. शेवरोलेचे मालक त्यांना पैसे द्यायला लागले, तर चाचांनी त्याऐवजी त्यांच्या मिस्त्रीचा नंबर मागितला.

लोणावळ्याला जेवण आणि बक्षीससमारंभ. पांढरा रुमाल फिरवून धूळ शोधणारे परीक्षक. पहिलं बक्षीस एका लांबलचक विलायती गाडीला, जी ट्रेलरवर बसून घाट चढली होती. ट्रॉफी पत्र्याला मिळते, मामा, आणि मालक ती घेऊन येतो. मिस्त्री लोक पार्किंगमध्ये जेवत होते.

आता खरं काम. खंडाळ्याला चढ संपून मालकांनी पाय उचलला, तसा खालून टकटक आवाज आला. मला ऐकू आला नाही, मालकांनाही नाही. चाचांनी पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर एकेका प्लगच्या पितळी पट्टीला लावून हेडला टेकवला. या गाडीत प्लगला वायर नाहीत, डिस्ट्रिब्युटरपासून उघड्या पट्ट्याच आहेत. दुसऱ्या प्लगवर आवाज दबला. “दो नंबर का रॉड. अब नहीं चलानेका.” मालकांनी बरंच समजावून पाहिलं, घरी बायकोला शब्द दिला होता वगैरे. चाचांनी किल्ली खिशात टाकली. परतीचा प्रवास टेम्पोच्या पाठीवर.

या इंजिनाच्या रॉडमध्ये बेअरिंगचा धातू, म्हणजे बॅबिट, ओतलेला असतो, तो आता झिजलाय. मालकांना सगळे सांगतायत, की इंजिन कातून नव्या पद्धतीचे शेल बसवा, कटकट मिटेल. चाचांना ते मान्य नाही. तुमच्या उद्यमनगरात बॅबिट ओतून मापाला बोअर करणारा कोणी उरला असेल, तर तो तुमच्याच ओळखीचा असणार. त्याला विचाराल का? नुसता रॉड पाठवून भागेल की क्रँकही लागेल, एवढं आधी कळवा. चाचा बुधवारी इंजिन उतरवतायत.

मामींना नमस्कार.

तुमची,
बेबी