पटावरची हाडे

जून उजाडला की मिरकरवाडा बंदराचा आवाज बदलतो. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस समुद्रात जाण्यास बंदी असते. इंजिने मुकी होतात, जाळ्यांच्या राशी ताडपत्रीखाली जातात, नेपाळहून आलेले खलाशी आपापल्या मुलखाकडे परततात आणि जेटीवर एरवी मासळीच्या टोपल्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते तिथे पावसाचे पाणी साचून राहते. बंदराच्या आसऱ्याने राहणाऱ्या घरांतील मुलांना या दिवसांत शाळा सुटल्यानंतर करण्यासारखे फारसे काही नसते. म्हणून संध्याकाळी चर्चच्या सभागृहाचे दार आम्ही उघडे ठेवतो. कॅरम असतो, बुद्धिबळ असते, आणि कोणी मागितले तर आल्याचा चहा असतो.

यंदा त्यात एका जाडजूड खोक्याची भर पडली. आमच्या धर्मग्रामातला, पुण्यात नोकरी करणारा एक तरुण ते घेऊन आला. वजन सहज दोन शेर भरेल. आत घडीचा मोठा पट, शेकडो पत्ते, पाच रंगांच्या लाकडी सोंगट्या आणि बत्तीस पानांची नियमपुस्तिका. विषय काय, तर उत्तर अमेरिकेतील उजाड डोंगरांत जाऊन डायनॉसॉरांचे जीवाश्म हुडकणे. सेमिनरीत असताना आम्ही बुद्धिबळाच्या पटावर रात्री जागवल्या आहेत; परंतु पटावर हाडे वेचण्याचा प्रसंग माझ्यावर पन्नाशीनंतर आला.

या जातीच्या खेळाची रीत वाचकांना थोडी सांगितली पाहिजे. आपल्या सारीपाटात सोंगटी फाशांच्या हुकमाने चालते. इथे फासे नाहीत. प्रत्येक खेळाडूकडे पाच सोंगट्या, म्हणजे पाच कामकरी. पटावर कामाच्या जागा आखलेल्या: एक खोदाईची, एक हाडे साफ करण्याची, एक ग्रंथालयाची, एक संग्रहालयाची, एक पैसे मिळवण्याची. पाळी आली की एक कामकरी एका जागेवर ठेवायचा आणि ते काम करून घ्यायचे. मात्र जागा एकदा अडली की ती फेरी संपेपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही. कोणी कोणाची सोंगटी मारत नाही, कोणी कोणाला हाकलत नाही. तुम्ही फक्त आधी पोहोचता किंवा पोहोचत नाही. या पद्धतीचा उगम सामान्यतः रिचर्ड ब्रीझ या इंग्रज रचनाकाराच्या १९९८ च्या 'कीडम' या खेळात मानतात. पुढे २००५ चा 'केलस' आणि २००७ चा, शेतकरी कुटुंबाच्या पोटापाण्यावर बेतलेला 'अग्रिकोला' यांनी ती जगभर नेली.

पुस्तिकेची बत्तीस पाने मी दोन रात्री वाचली. शब्द कळले, खेळ कळला नाही. तो कळला एका पंधरा वर्षांच्या मुलामुळे. त्याने पुस्तिका उघडलीही नव्हती. दुसऱ्यांच्या दोन फेऱ्या शेजारी उभा राहून पाहिल्या आणि मला म्हणाला, "फादर, हे आपल्या बंदरासारखंच आहे. आधी जागा धरायची, मासळी मग उतरवायची. तुम्ही आधी मासळी बघता."

मिरकरवाड्याच्या मुलाला जागेचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. होडी जेटीला लावायला जागा, बर्फाची गाडी उभी करायला जागा, जाळे पसरायला जागा, आईला टोपली घेऊन बसायला जागा. २०२५ च्या जानेवारीत बंदर परिसरातील अनधिकृत बांधकामे शासनाने पाडली, तेव्हा कायद्याची बाजू काय आणि पोटाची बाजू काय यावर इथे घरोघरी वाद झाले. परंतु जागा गेली म्हणजे काय होते हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचे भांडण तरी निराळे कुठे आहे? असो.

त्या मुलाने मला शिकवले ते असे: खोदाईच्या जागेकडे सगळे धावतात, कारण हाडे तिथे मिळतात. पण साफ केलेले हाडच मोजले जाते आणि सफाईची जागा एकच असते. म्हणून पहिली सोंगटी तिकडे ठेवायची. त्याच्या या सल्ल्याने मी चौथ्या दिवशी शेवटून दुसरा आलो.

लहान मुलांना लवकरच प्रश्न पडला की हाडे सगळी अमेरिकेचीच का? आपल्याकडे नाहीत काय? हा प्रश्न मला फार आवडला. मग खेळाच्या आधी पंधरा मिनिटे मी त्यांना आपल्या भूमीच्या गोष्टी सांगू लागलो.

आपला सडा जांभ्याचा आहे आणि जांभा म्हणजे कुजलेला, झिजलेला अग्निजन्य खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. आगीच्या पोटात हाड कसे टिकणार? तरीही दोन थरांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत जीव नांदले आणि पुढच्या थराने ते झाकून टाकले. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच मधल्या थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले आणि आज तो बेडूक 'इंडोबॅट्रॅकस' या नावाने ओळखला जातो. वरळीला नातेवाईक असलेल्या एका मुलीला या बेडकाचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी तिने आपल्या सोंगट्यांना बेडूकच म्हटले. नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे जीवाश्म गोळा केले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. ही गोष्ट मी त्या सभागृहात सांगितली नाही. रत्नागिरीच्या परिसरातही जुन्या विहिरी खणताना जांभ्याखाली निळसर चिकणमाती आणि कोळशासारखे झालेले लाकूड लागल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे आपण ज्या चिऱ्यांवर घरे बांधतो, त्यांच्याखाली कधीकाळचे रान झोपलेले आहे.

पण मुले थक्क झाली ती निकोलस स्टेनो यांच्या कथेने, आणि तिचे कारण मुशी. माल्टा बेटावर त्रिकोणी, धारदार दगड सापडत. संत पौलाला तिथे साप डसला पण बाधा झाली नाही, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. लोकांची समजूत अशी की संत पौलाने सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभा दगडाच्या झाल्या, त्या या. १६६६ साली इटलीत लिव्होर्नोच्या किनाऱ्याजवळ कोळ्यांनी एक प्रचंड मुशी धरली. तिचे डोके फ्लॉरेन्सला स्टेनोंकडे विच्छेदनासाठी धाडण्यात आले. जबड्यातले दात आणि ते 'जिभेचे दगड' शेजारी ठेवून पाहिल्यावर स्टेनोंनी निष्कर्ष काढला की दगड हे दातच आहेत. जिथे ते सापडतात तिथे कधी समुद्र होता. १६६९ मध्ये त्यांनी खडकांच्या थरांचा नियम मांडला: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. मधल्या काळात, १६६७ मध्ये, ते कॅथलिक झाले होते. १६७५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली, दोन वर्षांनी ते बिशप झाले आणि १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. भूगर्भशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतील एक नाव आपल्या वेदीवरचे आहे, हे आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

"मुशीला हाडं कुठे असतात?" तो पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला. त्याचे बरोबर होते. तिचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र ती आयुष्यभर टाकते आणि नवे आणते. "म्हणजे मुशी गेली की नुसता दातच राहतो," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "ती मुशी धरणाऱ्या कोळ्यांची नावं काय होती?"

नावे मजजवळ नव्हती. मग मी मेरी अॅनिंगची गोष्ट सांगायला घेतली. इंग्लंडमधील लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावातली सुताराची मुलगी, कड्यांतून ढासळलेले जीवाश्म वेचून विकणारी. तिच्या भावाला १८११ मध्ये इक्थिओसॉरची कवटी दिसली आणि पुढल्या वर्षी उरलेला सांगाडा तिने शोधला, तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. त्याआधीच, १८१० मध्ये, तिचे वडील कर्ज मागे ठेवून वारले होते. हे वाक्य उच्चारताना माझा स्वर किंचित अडखळला, कारण त्या मुलाच्या घरची हकिकत मला ठाऊक होती.

सात वर्षांपूर्वी, बंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यांत, त्याचे वडील होडीवरून पाण्यात पडले. सोबतचे परतले. शोध झाला, दिवसांमागून दिवस झाला. काही हाती आले नाही. बेपत्ता माणूस कागदावर जिवंत असतो. सात वर्षे वार्ता लागली नाही तर तो मृत मानता येतो, अशी तरतूद १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होती आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. तोवर त्याची पत्नी विधवा नसते आणि सधवाही कोणत्या तोंडाने म्हणवून घेणार? ही बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्याकडे मिस्साचा हेतू नोंदवायला येते. वहीत रकाने आहेत: आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, उपकारस्तुतीसाठी, मृतांसाठी. पहिल्या वेळी मी विचारले होते. ती म्हणाली, "फादर, नुसतं नाव लिहा." तेव्हापासून मी ते नाव रकान्यांच्या बाहेर, समासात लिहितो आणि वेदीवर तेवढेच उच्चारतो. परमेश्वराला रकान्यांची गरज पडत नसावी.

जुलैच्या मध्यास खेळात एक पेच आला. एखाद्या प्राण्याला नाव देऊन तो आपल्या खात्यावर घालायचा तर पत्त्यावर मागितलेली हाडे पुरी लागतात. त्या मुलाकडे मांडी, बरगड्या, कणा सगळे होते. कवटी तेवढी नव्हती, आणि कवटीचा पत्ता दुसऱ्याने नेला होता. त्याने पुस्तिका मागितली, पहिल्यांदाच. नियम वाचला आणि मला विचारले, "खऱ्यात पण असंच असतं? सगळी हाडं मिळाली नाहीत तर नाव देत नाहीत?"

मी म्हटले, तसे नसते. आपल्याच महाराष्ट्राच्या टोकाला, सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत, नदीपलीकडच्या भागात, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना एका प्रचंड डायनॉसॉरची हाडे सापडली. मांडीचे हाड जवळजवळ माणसाच्या उंचीचे. १९७५ मध्ये त्याला 'बारापासॉरस टागोरेई' हे नाव दिले. बडा पाय म्हणून बारापा आणि रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ टागोरेई. कोलकात्यात तो उभा आहे. त्याची कवटी मिळालीच नाही, काही सुटे दात मिळाले. "शास्त्रज्ञ जे मिळाले त्यावरून बोलतात," मी म्हटले, "आणि काय मिळाले नाही ते सोबत लिहून ठेवतात."

"आणि काहीच मिळालं नाही तर?"

सभागृहात इतर मुले होती, कॅरमची टकटक चालू होती. मी म्हटले, "तर शास्त्रज्ञ गप्प बसतो. पण जे त्याच्याबरोबर राहिले, त्यांना गप्प बसायची सक्ती नाही. तुला त्याचे काय आठवते ते तू सांगू शकतोस."

त्याने मान हलवली आणि आपली सोंगटी पैशाच्या जागेवर ठेवली. ती जागा त्याला त्या फेरीत काही उपयोगाची नव्हती. मी पुढे काही बोललो नाही. तास-अर्ध्या तासाने, पट आवरता आवरता, त्याने एक-दोन गोष्टी सांगितल्या. वडील शिट्टी वाजवत नसत, वारा येतो म्हणून. चहात बटर बुडवून खात. एवढेच. बाकी त्याचे त्याच्यापाशी.

काका त्याला दहावीनंतर होडीवर घ्यायचे म्हणतो. काकाचे म्हणणे अवाजवी नाही. घरात कमावते हात कमी आहेत. मुलाच्या मनात विज्ञान शाखा आहे, आणि दगडांचे शास्त्र कुठे शिकवतात हे त्याने मला दोनदा विचारले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे, एवढे मी सांगितले. आईने अजून काही ठरवलेले नाही. ऑगस्टमध्ये सात वर्षे पुरी होतात आणि न्यायालयात अर्ज करायचा की नाही, हेही तिने ठरवलेले नाही. पहिल्या रविवारी ती आली तेव्हा मी वही उघडून तिच्याकडे पाहिले. "नुसतं नाव," ती म्हणाली. मग म्हणाली, "तो खेळ एकदा मला बघायचाय. रोज हाडांचंच बोलतो."

ती ३१ जुलैच्या संध्याकाळी आली, बाकावर बसून अर्धा तास बघत राहिली. दुसऱ्या दिवशी होड्या निघणार म्हणून बंदरावर गडबड होती आणि सभागृहात आम्ही चौघेच होतो. पिवळ्या रंगाची एक सोंगटी हरवली होती. बाकाखाली, दाराआड, कुठेच मिळेना. मुलाने आईकडे पाहिले. तिने पदराच्या गाठीतून एक बोटभर लांब, पांढरट त्रिकोण काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याच्या वडिलांनी धरलेल्या एका मोठ्या मुशीचा तो दात होता, कडा अजून धारेच्या.

मुलाने तो पटावर टेकवून पाहिला. बरोबर बसला. पहिल्या पाळीला त्याने तो सफाईच्या जागेवर ठेवला आणि मला म्हणाला, "खेळ झाला की खोक्यात टाकू नका, फादर. हा घरी न्यायचाय."