सिंगापूर ते न्यूयॉर्क : अंतराचा हिशेब

जगाचा नकाशा भिंतीवर टांगून सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर एक सरळ रेघ मिळते. ती रेघ प्रवाशाची फसवणूक करते. त्या मार्गाने एकच दिशा धरून गेल्यास अठरा हजार किलोमीटरहून अधिक अंतर पडेल. प्रत्यक्षातील सर्वांत जवळचे अंतर सुमारे 15,300 किलोमीटर आहे.

हा आकडा कागद-पेन्सिलीनेही निघतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश उत्तरेस, न्यूयॉर्क सुमारे 40.6 अंशांवर, आणि दोघांच्या रेखांशांत जवळजवळ 178 अंशांचे अंतर, म्हणजे ही शहरे पृथ्वीच्या अगदी विरुद्ध बाजूंना. तेव्हा जवळची वाट उत्तर ध्रुवाशेजारून जाते. सिंगापूरहून ध्रुवापर्यंत सुमारे 88.6 अंश, तेथून न्यूयॉर्कपर्यंत 49.4; बेरीज 138. एका अंशाचे 111 किलोमीटर धरले की हिशेब जुळतो. विमान मात्र दर वेळी ही वाट धरीत नाही. वारा पाठीशी मिळत असेल, तर उत्तर प्रशांत महासागरावरून लांबचा वळसाही लवकर पोहोचवतो.

खरा प्रश्न इंधनाचा. सिंगापूर एअरलाइन्सने 2004 मध्ये चार इंजिनांच्या एअरबस ए-340-500 विमानाने न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कपर्यंत विनाथांबा सेवा सुरू केली. पुढे त्यात केवळ शंभर बिझनेस क्लास आसने ठेवली, तरी इंधनाचा खर्च पेलवेना. 2013 मध्ये सेवा बंद झाली. ज्याला घाऊक मालाच्या वाहतुकीचा अनुभव आहे, त्याला यातील मेख चटकन कळेल : दूर जायचे तर इंधन अधिक, आणि ते इंधन वाहून नेण्यासाठी पुन्हा इंधन. जणू व्याजावरचे व्याज!

2018 मध्ये दोन इंजिनांचे ए-350-900 यूएलआर आले आणि सेवा पुन्हा सुरू झाली. या विमानाच्या टाक्यांत 1,65,000 लिटर इंधन मावते. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधनाचेच वजन सुमारे 130 टन, आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन 280 टन. म्हणून आसने अवघी 161. साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. 2020 पासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरही थेट सेवा आहे.

प्रवास अठरा तासांच्या आसपास. उन्हाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत बरोबर बारा तासांचा फरक असतो, त्यामुळे मनगटावरचे काटे हलवावेच लागत नाहीत. मध्यरात्री निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या पहाटे उतरतो. मधला दिवस कोठे उगवला आणि कोठे मावळला, हे खिडकीतूनच पाहावे लागते. जैन भोजन आगाऊ नोंदवता येते; चौविहार पाळणाऱ्याला मात्र सूर्यास्ताची वेळ पंचांगात सापडत नाही. ध्रुवाजवळून जाणाऱ्या वाटेवर, जून महिन्यात, सूर्य तासन्‌तास क्षितिजाखाली जातच नाही.