पचमढीची तडजोड

कुणी "मिटवून टाका ना एकदाचं" म्हटलं की मला पचमढी आठवते. आपल्या भागातल्या बहुतेकांना ती महादेवाच्या यात्रेमुळे आठवते, नाहीतर लग्नानंतरच्या ट्रिपच्या फोटोंमुळे. मला आठवते ती मे १९३८ मधली.

तेव्हा आपला वर्धा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९३७ च्या निवडणुकीत ११२ पैकी ७० जागा काँग्रेसला मिळाल्या आणि डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान झाले (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत). विरोधक नावापुरते. म्हणजे राज्य सुखानं चालायला हवं होतं, नाही का? पण या एका प्रांतात काँग्रेसच्याच तीन प्रांतिक समित्या होत्या: नागपूर, विदर्भ आणि महाकोशल. मंत्रिमंडळातही तेच. एकीकडे खरे, सोबत वऱ्हाडचे रामराव देशमुख आणि गोळे. दुसरीकडे हिंदी भागातले रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता. सहा माणसं, तीन-तीन. सभागृहात बहुमत आणि मंत्रिमंडळात कोंडी!

मग वल्लभभाई पटेल वगैरे श्रेष्ठींनी सगळ्यांना पचमढीला बसवून समेट घडवला. झालं गेलं विसरून एकत्र काम करायचं ठरलं. तो समेट दोन महिनेही टिकला नाही. जुलैत खऱ्यांनी स्वतः राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांकडेही मागितला. देशमुख-गोळ्यांनी दिला. महाकोशलच्या तिघांनी मात्र, श्रेष्ठींनी सांगितल्याशिवाय देणार नाही म्हणून ठाम नकार दिला. गव्हर्नर वायलींनी त्या तिघांना रातोरात बडतर्फ केलं आणि २१ जुलैला खऱ्यांचं नवं मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळं! ते दोन-तीन दिवसांत आटोपलं. (२३ नोव्हेंबर २०१९ ची ती प्रसिद्ध पहाट आठवली ना? मलाही.)

पुढचा सगळा खटला आमच्या वर्ध्यात चालला. कार्यसमिती इथे बसली होती, सुभाषबाबू अध्यक्ष. खरे गांधीजींना भेटायला शेगावला गेले (सेवाग्राम हे नाव नंतरचं). चूक कबूल करणाऱ्या निवेदनाचा मसुदा तयार झाला, गांधीजींनी त्यात दुरुस्त्या केल्या. खऱ्यांनी सही केली नाही. कार्यसमितीनं त्यांना जबाबदारीच्या पदाला अपात्र ठरवलं आणि शुक्ल नेते झाले.

हा वाद आमच्या घरात चाळीस वर्षं शिळा झाला नव्हता. आजोबा वर्ध्याचे, खादीवाले. त्यांच्या लेखी खऱ्यांनी गव्हर्नरच्या दारात जाऊन नाक कापलं. आजीचे भाऊ नागपूरचे. त्यांच्या लेखी एका मराठी माणसाचा बळी दिला गेला. मामा-आजोबा दर वेळी तोच विनोद करायचे, "खरे ते खरेच!" आजोबा पाट सरकवून उठायच्या बेतात. शेवटी आजीनं फर्मान काढलं होतं, पुरणपोळी संपेपर्यंत १९३८ काढायचं नाही. गंमत म्हणजे तिला स्वतःला काय वाटायचं ते कुणी कधी विचारलंच नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही आजोबांना आवडणार नाही असं आहे. आपले मंत्री कोण असावेत हे मुख्यमंत्र्यानं ठरवावं, हा खऱ्यांचा मुद्दा मला अगदी रास्त वाटतो. पण तो मांडायची जागा नागपूरचं विधिमंडळ होतं. तिथे उभं राहून सांगायचं, हे तिघं नकोत, माझ्यावर विश्वास असेल तर हात वर करा. त्याऐवजी ते गोऱ्या गव्हर्नरकडे गेले. आणि श्रेष्ठींनी तरी काय केलं? लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा नेता पडला तो सभागृहात नव्हे, तर पाऊणशे किलोमीटर दूर वर्ध्याच्या बैठकीत. आमच्या गावाला याचा अभिमान वाटावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि पचमढी का फसली? तिथे भांडण मिटवलं, पण भांडणाचं कारण तसंच राहिलं. खाती वाटता येतात, दौरे वाटता येतात. पहिला शब्द कुणाचा, हे कसं वाटणार? २०१९ मध्ये १०५ आणि ५६ अशा १६१ जागा हाताशी असून युती त्याच एका खुर्चीवर मोडली. २८८ च्या सभागृहात १४५ पुरले असते. आकडे मुबलक होते हो!

आता यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. एवढी फाटाफूट झालेल्या त्याच विधिमंडळानं, त्याच वर्षी १ ऑक्टोबरला, वेगळ्या महाविदर्भाचा ठराव एकमतानं मंजूर केला. एकमतानं! दोन महिन्यांपूर्वी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं वेगळं व्हायच्या प्रश्नावर मात्र एक झाली. पुढे १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानंही वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. १९५६ मध्ये आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. तो ठराव राहिला कागदावर. मामा-आजोबांनी त्याचं कात्रण जपून ठेवलं होतं म्हणे. नागपूरच्या घरी कुणाला सापडलं तर मला स्कॅन करून पाठवा.